चर्चच्या पायऱ्यांवरची ओटी

आमची शाळा पौडच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला आहे. दर वर्षी सहावी, सातवी आणि आठवीच्या मुलांना आम्ही वेगवेगळ्या दिवशी एखाद्या जुन्या वास्तूला नेतो. किल्ले पाहून झाले होते, लेणी झाली होती. या वर्षी मी पुण्यातल्या लष्कर भागातलं एक जुनं दगडी चर्च सुचवलं. मुख्याध्यापकांनी लगेच होकार दिला, पण त्यात चर्चपेक्षा माझाच विचार जास्त असावा. माझे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. मी शाळेत यायचे, इतिहासाचे तास घ्यायचे आणि तास संपला की वाचनालयाच्या खोलीत जाऊन बसायचे. "बाई काहीतरी करायचं म्हणतायत, करू द्या," असं सर शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं.

चर्च सुचवण्याचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. यजमान ज्या इस्पितळात होते, त्याच्या जिन्याच्या खिडकीतून या चर्चचा मनोरा दिसायचा. चालायला लावलं की ते त्या खिडकीपर्यंत यायचे, गजांना धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "बरा झालो की आत जाऊन बघू." पुस्तकातली इमारत समोर दिसली की त्यांना चैन पडत नसे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी केली, पण वाचन माझ्यापेक्षा जास्त.

भेटीची आखणी करायला मी पहिल्यांदा एकटीच गेले. चर्चच्या फाटकाशी एक उंच, सडसडीत बाई उभ्या होत्या. इस्पितळात मेट्रन होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. आता चर्च पाहायला येणाऱ्या शाळांचं काम त्यांच्याकडे होतं. तिथं सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणत.

"मुळशीहून ना? म्हणजे भूगावच्या ट्रॅफिकमधून जिवंत आलात," त्या म्हणाल्या. "आधी पाणी घ्या. मग दगड-विटा बघू."

आमच्याकडे बाईची नजर दुसऱ्या बाईवर एका ठरलेल्या वाटेनं फिरते. कपाळ, गळा, मनगट, पायाची बोटं. कुणी शिकवत नाही, आणि कितीही शिकलं तरी जात नाही. मेट्रनबाईंचं कपाळ मोकळं होतं. गळ्यात काही नव्हतं. मनगटावर पुरुषी घड्याळ. बोटात एक साधी अंगठी होती, ती मला दिसलीसुद्धा, पण तिचा अर्थ लावावा असं मनात आलं नाही. माझी नजर गळ्यापाशीच काय ते ठरवून मोकळी झाली होती.

त्यांनी मला आत नेलं. उंच छत, रंगीत काचा, बाकांच्या कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या. एक काच फुटलेली होती आणि तिथून चिमण्या आत येत होत्या. "पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा यांचाच आवाज मोठा," मेट्रनबाई म्हणाल्या. "काच बसवा म्हणून दर मीटिंगला ठरतं आणि दर मीटिंगला कुणाला तरी चिमण्यांची दया येते."

आम्ही सगळं ठरवत गेलो. बस कुठं लावायची, डबे कुठं खायचे, मुलींसाठी स्वच्छतागृह कुठलं. मुलं दारात चपला काढतील, असं मी म्हटलं. "काढू नका म्हणावं," त्या म्हणाल्या. "एका शाळेनं काढल्या होत्या. जाताना निम्मी मुलं दुसऱ्याच्या चपला घालून गेली. त्यांच्या मास्तरांच्या तर सापडल्याच नाहीत." घंटेची दोरी मुलांच्या हाताला लागणार नाही अशी वर बांधून ठेवायचं ठरलं, कारण आमच्या मुलांना देवळात शिरताना घंटा वाजवायची सवय.

मग खांबाजवळच्या तिसऱ्या बाकाशी त्या थांबल्या. "हा आमच्या साहेबांचा बाक. इतकी वर्षं इथंच बसायचे. आता रिकामाच असतो. तुमच्या मुलांना बसवा इथं, बरं वाटेल."

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. वर्षभर मी जे कुणाशी बोलले नव्हते, ते त्या बाकावर बसून बोलले. खिडकीचं, गजांचं, शेवटच्या आठवड्याचं. मध्ये कधीतरी मी म्हटलं, "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही यातून गेलेल्याच आहात."

"सगळेच जातो, बाई," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिल्या. त्यांचं आयुष्य माणसांच्या उशाशी गेलं होतं. त्या कशाबद्दल बोलत होत्या आणि मी काय ऐकत होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

परतताना बसमध्ये मला हलकं वाटलं. माझ्यासारखी एक बाई भेटली, असं वाटलं. आमच्या शाळेत संक्रांतीला हळदीकुंकू होतं. त्या वर्षी माझं वाण कुणीतरी वाचनालयाच्या टेबलावर ठेवून गेलं होतं, एक स्टीलची वाटी, वर तिळगुळाची पुडी. कुणी वाईट बोललं नव्हतं. मी वाचत होते आणि मान वर केली तर वाटी होती. ठेवणारी दारातून निघून गेली होती. मी ती वाटी अजून वापरलेली नाही. मेट्रनबाईंच्याही घरी अशी एखादी वाटी असेल, असं मला वाटत राहिलं.

आमच्या सहलींची एक रीत आहे. मुलांना जिथं नेतो, तिथल्या बाईची ओटी भरून निघायचं. किल्ल्याच्या पायथ्याला ताक पाजणारी आजी असो की लेण्यांपाशी पाणी देणारी वहिनी. शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या मामी दर सहलीला मुलींच्या सोबतीला येतात, आणि हे काम त्यांचं. खण, नारळ, तांदूळ, सगळं त्यांच्या पिशवीत तयार. या वेळी त्यांनी विचारलं, "चर्चात चालंल का वो बाई? कुणाची भरायची?"

मी मेट्रनबाईंना फोनवर विचारलं होतं. त्या हसल्या होत्या. "कुंकू नको. नारळ-तांदळाला कोण नाही म्हणतं? फक्त आत नको, पायऱ्यांवर भरा." मी मामींना तसं सांगितलं. पाळकसाहेबांच्या पत्नी असतील, त्यांची भरा, म्हटलं.

"आन त्या दुसऱ्या, सगळं दाखवनार त्या?"

"त्यांना शाल आणि पुस्तक देऊ. मीच देईन."

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी त्या...?"

"हो," मी म्हटलं. "माझ्यासारख्याच आहेत."

त्यांचं मन दुखू नये म्हणून मी हे करते आहे, अशी माझी पक्की समजूत होती. ओटीच्या वेळी त्यांना बाजूला उभं राहावं लागू नये म्हणून त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी. शाल मी स्वतः निवडली होती, करड्या रंगाची. पुस्तकाला कागद घातला होता. इतक्या काळजीनं मी ते केलं.

सहावीची भेट छान चालली होती. मुलं चपला घालूनच आत गेली आणि तरीही दबक्या पावलांनी चालली. वरच्या वाडीतून रोज डोंगर उतरून शाळेत येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "एवढं उंच कशाला बांधलं?" मेट्रनबाई म्हणाल्या, "गाणं वर जाऊन परत यायला वेळ लागतो ना, म्हणून. ओरडून बघ." मुलीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच "ओ" केलं. आवाज परत आला तेव्हा सगळी मुलं हसली. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

निघायच्या वेळी सगळे पायऱ्यांवर जमलो. पाळकीणबाई पुढे आल्या, त्यांनी पदर पसरला, मामींनी खण, नारळ, तांदूळ घातले. मुली गोल करून बघत होत्या. आणि मग मेट्रनबाई एक पायरी खाली उतरल्या, दोन्ही हातांनी पदर पुढे धरला आणि म्हणाल्या, "आणा. बडबड मी केली आणि नारळ एकट्या हिलाच?"

मामींच्या पिशवीत दुसरा नारळ होता. त्या नेहमी एक जास्तीचा आणतात. तो त्यांनी हातात घेतलाही होता. पण तो तसाच छातीशी धरून त्या एक पाऊल मागे सरल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाळकीणबाईंनीही पाहिलं. मुलींनी पाहिलं. मेट्रनबाईंचा पदर दोन हातांत तसाच पसरलेला.

मी घाईनं पुढे झाले आणि शाल-पुस्तक त्या पदरातच ठेवू लागले. "तुमच्यासाठी हे आहे," असं काहीतरी म्हणाले.

तेवढ्यात मागून, दाराच्या आतून, जाड आवाज आला. "अगं, नारळ घे की आधी! कधीची सांगतोय, खोबरं संपलंय घरातलं."

एक वृद्ध गृहस्थ वॉकर धरून दारात उभे होते. पांढरा सदरा, कानाला यंत्र. मुलं बघायला म्हणून मागच्या खुर्चीत येऊन बसले होते, आणि आम्ही बाहेर पडल्यावर हळूहळू दारापर्यंत आले होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना अरुंद बाकात शिरता येत नव्हतं, म्हणून तिसरा बाक रिकामा असायचा.

मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मामींच्या छातीशी धरलेल्या नारळाकडे. मग माझ्या कपाळाकडे. शेवटी माझ्या डोळ्यांकडे. त्यांना सगळं कळायला एवढा वेळ पुरला. हुशार बाई.

"अहो," त्या मोठ्यानं नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही गेलात म्हणे! मला कळवायचं तरी."

"कुठं गेलो?" गृहस्थांनी कानामागचं यंत्र चाचपलं. "इथंच तर आहे."

मुलं खो खो हसली. काय झालं ते त्यांना कळलं नव्हतं, पण आजोबांचा चेहरा बघून हसली. मामी "अगं आई गं" म्हणाल्या आणि नारळ घेऊन लगबगीनं पुढे आल्या. पण मेट्रनबाईंनी तोवर पदर आवरून खांद्यावरून नीट घेतला होता. "राहू द्या आता," त्या म्हणाल्या. रागानं नाही.

मुलं बसकडे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. शाल त्यांच्या हातात होती.

"मला विधवा समजलात, त्याचं मला काही नाही, बाई. आमच्या घरी तर यावर महिनाभर हसणं होईल. पण विधवा समजल्यावर तुम्ही माझा नारळ काढून घेतलात. दुसऱ्या कुणी नाही, तुम्ही."

टेबलावर वाटी ठेवून निघून जाणारी बाई मला इतके दिवस पाठमोरीच दिसत होती. आता तिचं तोंड दिसलं.

परतताना मामी बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. चांदणी चौक मागे पडला. मग म्हणाल्या, "बाई, तुमी येवढ्या शिकल्याल्या. मला वाटलं तुमास्नी ठाव असंल."

"मलाही तसंच वाटलं होतं," मी म्हटलं.

"मानूस चांगलं हाय पन. आवाज लई मोठा." त्या तोंडाला पदर लावून हसू लागल्या. मला हसू आलं नाही.

सातवीची भेट राहिली होती, आठवीचीही. तारखा पक्क्या करायला मी फोन करायचा होता. आज करू, उद्या करू असं चाललं. सातवीच्या मुली व्हरांड्यात गाठून विचारायच्या, "बाई, आमचं चर्च कधी?" एकीनं तर त्या मुलीसारखं "ओ" करून दाखवलं. सहावीच्या मुलांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. आजोबांचंही. मी सरांना म्हटलं, सातवीला दुसरीकडे नेऊ या का? सरांनी चष्मा काढला. "का हो? तिथल्या लोकांचं काही झालं?" नाही, म्हटलं, त्यांचं काही नाही. मग त्यांनी सुचवलं की ओटी वगैरे बंदच करू, सगळ्यांना एकेक पेन देऊ, प्रश्नच नको. मला तो मार्ग फार सोयीचा वाटला. इतका की तो ऐकताच मला माझी पुन्हा लाज वाटली.

घरी गेल्यावर मी यजमानांच्या खुर्चीसमोर बसले. ते असते तर हा प्रसंग त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावला असता आणि दर वेळी वॉकरच्या जागी हसले असते. मग माझ्याकडे बघून गप्प झाले असते. त्यांचं गप्प होणं मला माहीत होतं. ते गेल्यावर मी टिकली लावायची सोडली, ती कुणी सांगितलं म्हणून नाही. आरशासमोर उभी राहिले आणि हात गेला नाही. त्याला मी दुःख म्हणत होते. त्यात दुःख किती आणि सवय किती, हे मी तपासून पाहिलं नव्हतं.

शेवटी फोन त्यांनीच केला. "बाई, सातवी कधी आणताय? मी घंटेची दोरी वर बांधूनच ठेवलीय, पाळकसाहेब शिव्या देतायत. म्हणजे, पाळक देतील तेवढ्या."

मी क्षमा मागायला लागले. वाक्य तयार केलेलं होतं, पण ते मध्येच तुटलं. आणि मग मी मूर्खासारखं पेनांचं सांगितलं.

"पेन नको," त्या म्हणाल्या. "पेन खूप आहेत घरात. नारळ आणा. आणि हे बघा, या वेळी मामींनी नाही भरायची. तुम्ही भरायची."

"माझ्या हातून..." मी म्हटलं.

"तुमच्याच हातून. नाहीतर मी पदर पसरणार नाही. आमच्या साहेबांना विचारा हवं तर, मी ऐकत नाही कुणाचं."

सातवीच्या भेटीत मी काय काय दाखवलं ते मला आठवत नाही. काचा, बाक, बाप्तिस्म्याचं कुंड, हे सगळं मी सांगितलं असणारच. लक्ष पिशवीकडे होतं. नारळ मी स्वतः आणला होता, पौडच्या बाजारातून, हलवून पाणी वाजतं का बघून. दुकानदाराला बहुधा वाटलं देवाला चाललाय.

पायऱ्यांवर मुली गोल करून उभ्या राहिल्या. गृहस्थांना खास खुर्ची मांडली होती, दारातच. मेट्रनबाईंनी पदर पसरला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. कुणी काही म्हटलं नाही. मामी बाजूला पिशवी धरून उभ्या होत्या, लग्नात उभं राहावं तशा.

झालं, सुटले, असं वाटून मी मागे वळणार तोच मेट्रनबाईंनी पाळकीणबाईंकडून एक ताट घेतलं. त्यात नारळ होता, तांदूळ होते. "आता तुमचा पदर," त्या म्हणाल्या.

"मला नको." हे शब्द माझ्या आधीच बाहेर आले. मोठ्यानं. समोरच्या मुलींनी ऐकले. त्यांतल्या एकीचे वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, तिची आई वस्तीवर मजुरी करते. ती मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. खाली पायरीकडे बघत होती. एखादी गोष्ट आधीपासून ठाऊक असली की माणूस बघतो, तशी.

मेट्रनबाई ताट धरून थांबल्या. चर्चच्या आत चिमण्यांचा गलका चालू होता.

"बाई," मामी दबक्या आवाजात म्हणाल्या, "उरका की. डायवर हारन वाजवतोय, बस रस्त्यातच लावलीया त्यानं."

मी पदर पुढे केला. ओटी भरून झाल्यावर शिट्टी आणि उपस्थितीची वही मी पुन्हा हातात घेतली होती, म्हणून एकाच हातानं केला, आणि तोही नीट नाही. मेट्रनबाईंनी तांदूळ घातले ते अर्धे घरंगळून पायऱ्यांवर सांडले. मी चटकन खाली बसून वेचू लागले. मुलीही वाकल्या आणि वेचू लागल्या. खरं तर मला तांदूळ वेचायचे नव्हते, मला मान वर करायची नव्हती.

"पडू द्या, पडू द्या," दारातून जाड आवाज आला. "चिमण्यांची सोय झाली."

ती मुलगी माझ्यासमोरच बसली होती. मुठीत धरलेले दाणे तिनं माझ्या पदरात टाकले आणि पुन्हा वाकून वेचू लागली. मामींनी वही आणि शिट्टी माझ्या हातातून काढून घेतली, मला कोपराला धरून उभं केलं आणि ताटातला नारळ पदरात नीट बसवला.

"दोनी हातांनी धरा," त्या म्हणाल्या. "गच्च."

मी धरला.